‘गोतावळा’ : एका पहिल्या कादंबरीचे धाडस

पहिली कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाकडे पाहण्याची वाचकांची व टीकाकारांची दृष्टी बहुधा उदार असते. नव्या सुनेच्या हातची पोळी वाकडी झाली तरी घरची वडील माणसे ती गोड मानून घेतात, त्यातलाच हा प्रकार. परंतु या उदारतेत एक सूक्ष्म अपमानही दडलेला असतो. लेखकाने मुळातच मोठा डाव मांडला असेल, तर त्यास सांभाळून घेणे म्हणजे त्याचा डाव लहान लेखणे होय. आनंद यादव यांची ‘गोतावळा’ ही पहिली कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. ती अशा सांभाळून घेण्याची अपेक्षा करीत नाही. तिने जे मागितले आहे ते कठोर परीक्षण होय, आणि अर्धशतक उलटून गेल्यावर ते करण्यास आता हरकत नसावी.

या कादंबरीचे धाडस कशात आहे हे समजण्यासाठी मराठी कादंबरीत खेडे कोणत्या वाटेने आले हे थोडक्यात पाहिले पाहिजे. कृष्णराव भालेकरांच्या ‘बळीबा पाटील’पासून खेडेगाव आपल्या कादंबरीत आहे. पुढे र. वा. दिघे यांनी ‘पाणकळा’सारख्या कृतींतून त्यास अद्भुताचा व प्रणयाचा रंग दिला. तथापि खेड्याचे खरे दर्शन ज्या कृतीने सुशिक्षित घराघरांत नेले, ती व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). तीही लेखकाची पहिलीच कादंबरी. औंध संस्थानातील एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर बदलून येतो, त्या अर्धउघड्या जगात रुजतो, आणि अखेर दुष्काळाने वाडी ओस पडल्यावर तेथून निघतो. या कृतीचे मोठेपण सर्वमान्य आहे व ते मीही मानतो. पण एक गोष्ट विसरता कामा नये. तेथे वाडी दिसते ती मास्तरांच्या डोळ्यांनी. मास्तर कितीही समरस झाले तरी त्यांच्या खांद्यावर शाळेची पिशवी आहे आणि त्यांची भाषा पुस्तकाची आहे. वाचक व वाडी यांच्यामध्ये एक शिकलेला, विश्वासू दुभाष्या उभा आहे. त्याच्या आधारानेच आपण मध्यमवर्गीय माणसे त्या माळावर न अडखळता हिंडू शकलो.

यादवांनी हा दुभाष्या काढून टाकला. हेच त्यांचे पहिले धाडस होय.

कथानक सांगावयाचे तर चार ओळींत आटोपते. नारबा हा एका मळ्यावरचा गडी आहे. त्यास आपले म्हणावे असे माणूस नाही. लग्न झालेले नाही, घर नाही, जमीन तर नाहीच. मळ्यातील बैल, म्हशी, गाई, कुत्री, कोंबडी हाच त्याचा गोतावळा. पुढे मालकास नव्या काळाचे वारे लागते आणि मळ्यावर ट्रॅक्टर येतो. मग ज्या जनावरांवाचून मळा ही कल्पनाच नारबास करता येत नव्हती, ती एकामागून एक अडगळ ठरू लागतात, विकली जातात, आणि मळ्यात त्याच्या जीवास धरून राहील असे काही उरत नाही. एवढीच ही गोष्ट. यात खून नाही, कारस्थान नाही, पाटलाच्या वाड्यावरील कटकटी नाहीत. एका यंत्राचे येणे व काही मुक्या जीवांचे जाणे एवढ्या भांडवलावर संपूर्ण कादंबरी उभी करणे हे नवशिक्याचे काम नव्हे.

आता भाषेचा विचार करू. ही कादंबरी प्रथमपासून अखेरपर्यंत नारबाच्या तोंडून, कागल-कोल्हापूरकडील बोलीत सांगितली आहे. संवाद बोलीत व निवेदन प्रमाणभाषेत, ही तडजोड आपल्याकडे फार दिवस रूढ होती. तिचा अर्थ असा की, खेडूत माणूस बोलतो तेव्हा तो खेडूत असतो, पण त्याच्याविषयी विचार करावयाचा झाला की तो विचार पुण्याच्या भाषेतच व्हावयाचा. यादवांनी हा भेद मोडून टाकला. नारबा बोलतो त्याच भाषेत तो विचार करतो, त्याच भाषेत पाऊस पाहतो, त्याच भाषेत दुःख गिळतो. बोली ही येथे तोंडी लावण्याची चटणी नसून ताटातील भाकरीच आहे. ‘हिरवे जग’ या आपल्या कवितासंग्रहात त्यांनी बोलीची ताकद अजमावून पाहिली होती. येथे तिच्यावर अख्ख्या कादंबरीचा भार टाकला.

आमच्यासारख्या इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्यांस अशा वेळी आयर्लंडची आठवण होणे साहजिक आहे. जॉन सिंज याने आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील खेडुतांची, आयरिश वळणाने वाकलेली इंग्रजी रंगभूमीवर आणली. १९०७ साली डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरात त्याचे ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ हे नाटक झाले तेव्हा प्रेक्षकांनी दंगा केला. आपल्या शेतकऱ्यांची व स्त्रियांची यात बदनामी आहे असे शहरातील देशाभिमानी मंडळींस वाटले. गंमत अशी की, ज्या खेडुतांच्या अब्रूसाठी हा गदारोळ झाला ते तेथे बहुधा नव्हतेच. खेडे कसे दिसावे याविषयी खेड्याबाहेरच्या माणसांच्या ज्या ठाम कल्पना असतात, त्यांचे हे चांगले उदाहरण आहे. ‘गोतावळ्या’वर तसा दंगा झाला नाही. तथापि ‘ही भाषा कळत नाही’ ही तक्रार काही कमी प्रतिष्ठित नव्हे. तिचा अर्थ पुष्कळदा ‘ही भाषा कळून घेण्याचे कष्ट आम्ही का घ्यावेत?’ असा असतो. टॉमस हार्डीच्या कादंबऱ्यांतील वेसेक्सची बोली कोश उघडून समजावून घेणारा आपला पदवीधर कागलच्या बोलीपुढे का थकतो, याचा त्याने स्वतःशीच विचार करावा.

अर्थात देवणीस बसून ही कादंबरी वाचणाऱ्यास ही बोली घरची नव्हे हे खरे. आमच्या सीमेवरच्या मुलखाची बोली निराळी. तिच्यात कानडी आहे, तेलुगू आहे, निजामी अंमलातील उर्दू आहे. कोल्हापूरकडे बेंदूर असतो, आमच्याकडे पोळा. आम्ही मार्गशीर्षातील अमावस्येस येळवस करून शेतात जेवतो, ती त्या मुलखास ठाऊक नाही. तेथे उसाचे मळे, येथे कोरडवाहू रान. असे असूनही पंचवीस-तीस पानांनंतर नारबाची भाषा परकी वाटेनाशी होते. याचे कारण त्याच्या शब्दांत नाही, त्याच्या लक्ष देण्यात आहे. जनावराकडे ज्या बारकाईने तो पाहतो, ती बारकाई हीच ओळखीची भाषा होऊन बसते.

आणि जनावरांविषयी देवणीच्या माणसास थोडे बोलण्याचा अधिकार आहे. या गावाचे नाव गोवंशाच्या एका जातीस मिळाले आहे. लातूर, नांदेड, परभणी व शेजारचा बिदर या टापूत पसरलेली ही देवणी जात दुधासही चालते व औतासही. वानेरा, बालंक्या व शेवरा असे तिचे तीन प्रकार आमच्याकडील शेतकरी सांगतो. तोंड काळे व अंग पांढरे तो वानेरा, सर्वांग पांढरे तो बालंक्या, अंगावर काळे ठिपके तो शेवरा. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत बैल घेणारा माणूस दात पाहतो, वशिंड पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. तो जनावराची किंमत करीत असतो. परंतु त्याच बैलाबरोबर सात-आठ साले काढणारा सालगडी त्यास जे ओळखतो, ते या पाहण्यात येत नाही. कोणता बैल ऊन लागले की मान टाकतो, कोणता नुसत्या हाकेने चालतो, कोणता जोडीदारावाचून वैरणीस तोंड लावीत नाही, हे ज्ञान विकत घेता येत नाही. मालकाजवळ बैल असतो, गड्याजवळ बैलाची ओळख असते. ‘गोतावळ्या’ने जे साधले आहे ते हेच, की मालकीच्या दस्तऐवजात कोठेही न नोंदलेल्या या ओळखीस तिने वाङ्मयात खाते उघडून दिले.

जनावरांवर मानवी भावनांचा आरोप करणे हा वाङ्मयातील जुना व धोक्याचा मार्ग आहे. त्यातून बालगोष्टींचे बोलके ससे निपजतात किंवा ओल्या डोळ्यांची भाबडी करुणा निपजते. यादव या खाईत पडले नाहीत, याचे कारण त्यांनी निवडलेला निवेदक. बैल आपला भाऊ आहे असे लेखक म्हणत नाही, नारबा म्हणतो. आणि त्याने तसे का म्हणावे याची कारणे त्याच्या आयुष्यात उघडी पडलेली आहेत. ज्यास भाऊ नाही तो बैलास भाऊ करतो. म्हणजे हा अलंकार नव्हे, ही उपासमार आहे. जनावरांवरील त्याचे प्रेम जितके उत्कट होत जाते, तितकी माणसांच्या जगाने त्याची केलेली उपेक्षा अधिक स्पष्ट होते. वाचकास प्रथम काव्य वाटते ते पुढे आरोपपत्र होऊन बसते, आणि तरी नारबा कोणावर आरोप करीत नाही. या संयमात मला लेखकाची परिपक्वता दिसते.

या उपासमारीचाच एक भाग नारबाचे अविवाहितपण हा आहे. येथे पुन्हा एक आयरिश कृति आठवते, ती म्हणजे पॅट्रिक कॅव्हनॉ याची ‘द ग्रेट हंगर’ (१९४२) ही दीर्घकविता. कॅव्हनॉ हा मोनाहन परगण्यातील लहान शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा नायक मॅग्वायर हा जमिनीचा मालक आहे, पण आईचा धाक, धर्माची भीति व शेताचे जोखड यांखाली त्याचे लग्नाचे वय निघून जाते व तो तसाच सुकत जातो. १८४० नंतरच्या दशकात आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडून जो महाभयंकर दुष्काळ पडला, त्याच भुकेचे नाव कॅव्हनॉने या दुसऱ्या भुकेस दिले. मॅग्वायर व नारबा यांची तुलना उद्बोधक आहे. एकास जमीन आहे म्हणून बायको नाही, दुसऱ्यास जमीन नाही म्हणून. एक शेताचा मालक असून शेताचा गुलाम आहे. दुसरा गुलाम असून मनाने त्या मळ्याचा मालक आहे. मॅग्वायर मातीचा द्वेष करू शकतो, कारण ती त्याची आहे. नारबास ती चैनही परवडत नाही. खेड्यातील शांत, समाधानी जीवनाची जी चित्रे आपण शहरातील दिवाणखान्यांत टांगतो, त्यांच्या पाठीमागे हे दोघे उभे आहेत.

येथवर स्तुति झाली. आता दोष.

पहिला दोष या पद्धतीतूनच जन्मलेला आहे. सर्व काही एकाच मनातून गाळून येत असल्याने मध्यभागी एक प्रकारची एकसुरी लय येते. जनावर, त्याची आठवण, त्याचे जाणे, नारबाचे झुरणे, हा क्रम वाचकाच्या आधीच ध्यानात येऊ लागतो, व पुढील विरहाचा घाव पहिल्याइतका खोल जात नाही. आणखी थोडी काटछाट झाली असती तर शोक अधिक धारदार झाला असता.

दुसरा दोष अधिक महत्त्वाचा आहे. मालक हे पात्र नारबाइतक्या उंचीचे झालेले नाही. ट्रॅक्टर घेणारा माणूस लोभीच असतो असे नाही. साठीच्या दशकात संकरित बियाणे, रासायनिक खते, विजेचे पंप व यंत्रे यांचा जो लोंढा आला, त्यात मागे राहणारा शेतकरी बुडत होता. बैल पाळणे म्हणजे बारमाही वैरण, बारमाही गडी, आणि काम मात्र वर्षातून काही महिने. हा हिशेब मालकाच्या मनात कसा रात्रभर जागत असेल, हे कादंबरीने आपणास दाखविले असते तर तिच्यातील संघर्ष दोन सत्यांचा झाला असता. सध्या तो एक सत्य व एक यंत्र यांचा आहे. नारबास मालकाचे मन दिसत नाही, हे समर्थन अपुरे आहे. ज्या नारबास मुक्या बैलाचे मन दिसते, त्याने वर्षानुवर्षे ज्याचे मीठ खाल्ले त्या माणसाचे मन कधी चाचपून पाहू नये, हे मला पटत नाही.

या प्रश्नास आमच्या भागात एक निराळेच अंग आहे. देवणी-उदगीरच्या शिवारातून बैल कमी झाले ते केवळ ट्रॅक्टरमुळे नव्हेत. ज्वारीचे रान सोयाबीनकडे गेले आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. सोयाबीनची गुळी ही कडब्याची बरोबरी करू शकत नाही. म्हणजे यंत्र दारात येण्यापूर्वीच जनावराच्या तोंडचा घास बाजारभावाने काढून घेतला होता. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्याही कत्तलीस बंदी झाली. त्यामुळे निकामी झालेल्या जनावराचे काय करावयाचे, हा प्रश्न आता १९७१ सालच्या मालकापुढे होता तसा राहिलेला नाही. गोष्ट इतकी गुंतागुंतीची आहे. कादंबरीने अर्थशास्त्राचा ग्रंथ व्हावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु लोखंडाचा एक राक्षस दारात उभा केला की बाकीची सर्व कारणे त्याच्या सावलीत झाकली जातात, आणि वाचकाची सुटका फार स्वस्तात होते. राक्षसाचा धिक्कार करून तो निश्चिंत मनाने पुस्तक मिटू शकतो.

या संदर्भात त्याच साली आलेल्या दुसऱ्या एका पहिल्या कादंबरीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. आमच्याच लातूर जिल्ह्यातील काटगावचे रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’. तीही पूर्णपणे बोलीत, आणि तीही एका साध्या जीवाच्या तोंडून, गंगाराम शिंप्याच्या बायकोच्या. दोन निरनिराळ्या मुलखांतील दोन लेखकांनी, १९७१ या एकाच साली, दुभाष्यास रजा देऊन खेड्यास स्वतःच्या तोंडाने बोलू दिले, हा मराठी कादंबरीच्या इतिहासातील लक्षणीय योग होय. ‘पाचोळ्या’त विस्तार थोडा आहे, निसर्ग थोडा आहे. परंतु माणसाने माणसास कसे मोडावे याचे ज्ञान तीत अधिक आहे. गावातील ताण तेथे माणसामाणसांत राहतो, यंत्राच्या माथी मारला जात नाही. उलट ‘गोतावळ्या’त जी सृष्टि आहे, तिचा जो वास, स्पर्श, ऊब आहे, ती ‘पाचोळ्या’त शोधू नये. एकीचे सामर्थ्य गावाच्या चावडीत, दुसरीचे गोठ्यात. माझ्या मते दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात, म्हणजे खेडे पुरते दिसते.

आणखी एक तुलना. नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) हीही पहिलीच कादंबरी व तीही ‘मी’ची. पण तो ‘मी’ खेड्यातून पुण्यास शिकावयास गेलेला आहे, म्हणजे लेखकाच्या जवळचा आहे. पहिल्या कादंबरीत लेखक बहुधा स्वतःचेच आयुष्य खर्ची घालतो, आणि त्यात गैर काही नाही. यादवांजवळही असे आयुष्य होते. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या घरात शिक्षणासाठी त्यांनी जी झुंज दिली, ती पुढे ‘झोंबी’त (१९८७) आली व त्या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला. ती हकीकत हाताशी असताना पहिल्या कादंबरीत त्यांनी ती बाजूस ठेवली. शिकून बाहेर पडलेल्या मुलाऐवजी कधीच बाहेर न पडू शकलेल्या गड्यास त्यांनी आपला ‘मी’ दिला. या त्यागास मी या कृतीचे सर्वांत मोठे धाडस मानतो. स्वतःची सुटका झालेल्या माणसाने, सुटका न झालेल्याच्या कातडीत शिरून लिहिणे, यास केवळ कसब पुरत नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घराण्यांची वाटचाल याच उंबरठ्यावरून झालेली असेल. दोन पिढ्यांमागे कोणाचे आजोबा शेत करीत होते. गोठा होता, एखादा जुना गडीही होता. मुले शिकली, नोकरीस लागली, गोठ्याच्या जागी खोल्या आल्या. अशा घरांत गावाकडच्या बैलांची आठवण मोठ्या प्रेमाने निघते. त्या बैलांना पाणी दाखविणाऱ्या माणसाचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ‘गोतावळा’ हा प्रश्न विचारते, आणि तो मालकाच्या वंशजांस विचारते. म्हणून ती वाचताना होणाऱ्या हळहळीत थोडी अस्वस्थता मिसळलेली असेल, तर ती पुसून टाकू नये.

गुणदोषांचा हिशेब मांडावयाचा झाला तर असे म्हणेन : रचना एकसुरी आहे, मालक अपुरा आहे, कारणमीमांसा एकेरी आहे. पण तिचा निवेदक अस्सल आहे, तिची भाषा कोणाकडून उसनी घेतलेली नाही, आणि जे ज्ञान निरक्षर माणसाबरोबर मातीत जावयाचे ते तिने अक्षरांत आणले आहे. पहिल्या तीन गोष्टी अनुभवाने सुधारतात. उरलेल्या तीन बहुतेकांस शेवटच्या कादंबरीतही साधत नाहीत. भाषेमुळे ज्यांनी हे पुस्तक आजवर दूर ठेवले असेल त्यांनी ते घरात मोठ्याने वाचावे. डोळ्यांस जी बोली अडते ती कानास अडत नाही, आणि घरात एखादे वृद्ध माणूस असेल तर पुष्कळसे शब्द त्याच्याकडूनच समजतील.